खुर्चीच्या पायाखालचा नमदा

फरशी बुटाने खराब होत नाही. लोकांचा तसा समज आहे, पण तो चुकीचा. बुटाच्या तळाला चिकटून आलेला वाळूचा कण फरशी खातो, बूट नुसता त्याला वरून दाबतो. हे मी चाळीस वर्षं लोकांना सांगतोय. लोक चाळीस वर्षं मान हलवतात आणि चपला घालून आत येतात.

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे मास्तर घरी आलेले. म्हणाले, तुमचा जीवनप्रवास लिहून द्या. मी म्हटलं, प्रवास वगैरे माझ्याकडे नाही. चौथी पास झालो, पाचवीत नाव होतं पण मी नव्हतो. मग म्हणाले, कामाबद्दल लिहा. ते लिहितो. मास्तरांनी ऱ्हस्व-दीर्घ बघावं, वाक्यं माझी ठेवावी, असं ठरलंय. एका खुर्चीबद्दल लिहायचं आहे. त्या खुर्चीपायी एक म्हातारी बाई पडली, आणि दोष माझा असताना घरात सगळे तिलाच बोलत राहिले. पण त्याआधी माझं काम काय ते सांगावं लागेल, नाहीतर कळणार नाही.

मी फरशीला पॉलिश करणारा माणूस. सुरुवातीला मोझॅक, मग कोटा, मग मार्बल. मशीनखाली घासायचे दगड लावायचे, आधी जाडा, मग बारीक, मग आणखी बारीक. प्रत्येक दगड आधीच्या दगडाचे ओरखडे काढतो आणि स्वतःचे बारीक ओरखडे ठेवतो. शेवटी ओरखडे इतके बारीक होतात की डोळ्याला दिसत नाहीत, त्यालाच चमक म्हणतात. चमक म्हणजे वेगळं काही लावलेलं नसतं. गिऱ्हाइकाला हे पटत नाही. त्याला वाटतं आपण डब्यातून काहीतरी ओतलं.

पुढे नुसतं पॉलिश करून भागेना. मी फरशी चमकवून जायचो, मागून सुतार यायचे, आणि महिन्याने मालकाचा फोन की फरशीची वाट लागली. मग मी झाकायचं कामही घ्यायला लागलो. फरशीवर प्लास्टिक पसरायचं, त्यावर पीओपीचा थर द्यायचा. सुतार, रंगारी, वायरमन सगळे त्यावर नाचून गेले की थर फोडून काढायचा, खाली फरशी जशीच्या तशी. सामान आलं की कपाटाच्या, पलंगाच्या, खुर्चीच्या पायाखाली काय द्यायचं तेही मीच ठरवायचो. रबर कुठे, नमदा कुठे. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेलं जाड कापड. त्याच्या गोल टिकल्या मिळतात. खुर्चीखाली लावल्या की खुर्ची आवाज न करता सरकते आणि ओरखडा उठत नाही. हे ध्यानात ठेवा.

सुतारांशी माझं कधी जमलं नाही. त्यांच्या स्लिपरच्या तळव्यात खिळे रुतलेले असायचे आणि त्यांना पत्ता नसायचा. मी दारात उभा राहून एकेकाला पाय वर करायला लावायचो, जसं बैलाचा खूर बघतात तसं. एक सुतार मला म्हणाला, चाचा, मंदिर में भी इतना चेकिंग नहीं होता. मी म्हटलं, देवाला ओरखडे पडत नाहीत, फरशीला पडतात.

गिऱ्हाइकं पण एकेक. डोंबिवलीला बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ होते. सुतारकाम संपलं तरी पीओपीचा थर काढू देईनात. मुलाचं लग्न होऊ दे, मग काढू. लग्न झालं. पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. मग नातवंड झालं, ते रांगतंय, सांडतं, थोडं मोठं होऊ दे. तीन वर्षं ती माणसं स्वतःच्या फरशीवर राहिली पण फरशी बघितली नाही. शेवटी मी थर काढला तर खाली ओल कोंडून अख्खा हॉल पिवळा पडलेला. गृहस्थ बराच वेळ बघत राहिले. मग बायकोला म्हणाले, क्रीम कलर पण बरा दिसतो. बायको स्वयंपाकघरात गेली ती मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

मी तेव्हा खूप हसलेलो. घरी येऊन सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं. फरशी जपता जपता माणूस कसा येडा होतो, याची गोष्ट म्हणून सांगायचो. स्वतःला त्यात धरत नव्हतो.

आता कोलशेतचं घर.

खाडीच्या बाजूला नवे टॉवर झालेत, त्यातल्या एकात शेखरसाहेबांचा फ्लॅट. अठरावा मजला. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलगी बाहेरगावी शिकायला. पांढरा मार्बल, आत राखाडी शिरा, मोठे मोठे तुकडे आणि जोड दिसणार नाहीत असे बसवलेले. पॉलिश माझं, झाकणं माझं, उघडणंही माझं. ज्या दिवशी थर काढून शेवटचा हात फिरवला त्या दिवशी खिडकीतलं आभाळ फरशीत उतरलेलं. शेखरसाहेब मोजे काढून अनवाणी उभे राहिले आणि म्हणाले, काका, हे काम नाही, ही कला आहे. असं कोणी मला म्हटलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. त्यानंतर त्या घरात कप जरी फुटला तरी मला फोन यायचा.

साहेबांचे वडील जुन्नरकडे गावी असायचे. ते गेले आणि आईला इकडे आणलं. सगळे त्यांना आक्का म्हणायचे, म्हणून मीही आक्काच म्हणायला लागलो. ऐंशीच्या पुढच्या. गुडघे गेलेले, बाकी सगळं शाबूत. साहेबांनी त्यांना ॲल्युमिनियमचा चार पायांचा वॉकर आणून दिलेला. आक्कांनी तो एकदा हातात धरून बघितला आणि म्हणाल्या, हे आजारी माणसाचं आहे. मग तो दाराआड गेला. त्यांनी गावाहून नवऱ्याची खुर्ची आणलेली. सागवानी, हातांची, जड. त्या खुर्चीच्या मागे उभ्या राहायच्या, पाठ दोन्ही हातांनी धरायच्या, वीतभर पुढे ढकलायच्या, भार टाकायच्या, एक पाऊल टाकायच्या. परत ढकलायच्या. असं करत करत खोलीतून बाथरूमला, बाथरूममधून गॅलरीत. कोणाला हाक मारायची नाही. दिवसभर घरात दुसरं कोणी नसायचंच.

खुर्चीच्या लाकडी पायांनी मार्बलवर चाकोऱ्या पडल्या. बैलगाडीच्या रस्त्याला पडतात तशा, दोन इकडे दोन तिकडे, आक्कांच्या पलंगापासून बाथरूमपर्यंत. शेखरसाहेबांनी मला बोलावलं. मी गुडघ्यावर बसून बोट फिरवलं. नख अडकत होतं. मला ते बघवेना. स्वतःच्या पोराच्या गालावर वळ दिसावा तसं.

दोन दिवस लावून मी त्या चाकोऱ्या काढल्या. काढल्या म्हणजे आजूबाजूचा दगड तेवढा खाली नेला आणि परत चमक आणली. मग खुर्ची उलटी केली. चारही पायांना नमद्याच्या टिकल्या लावल्या. नुसत्या चिकटवल्या नाहीत. चिकटवलेल्या सुटतात. मी मधोमध बारीक स्क्रू मारून डोकं आत बुडवलं, म्हणजे आयुष्यात निघायला नको. खुर्ची सरळ केली आणि सगळ्यांसमोर एका बोटाने ढकलली. एवढी जड खुर्ची, हॉलच्या त्या टोकाला गेली. आवाज नाही. मनीषाताई, म्हणजे साहेबांची बायको, त्यांनी पण एका बोटाने ढकलून बघितली आणि हसल्या. साहेब म्हणाले, वा. मी, साहेब आणि मनीषाताई तिघं मिळून फरशीकडे वाकून बघत होतो.

आक्कांनी खुर्ची धरली. एक पाऊल टाकलं आणि थांबल्या. म्हणाल्या, "मिस्त्री, ही आता पळतीय."

मी म्हटलं, "सवय होईल आक्का. दोन दिवस लागतील."

एवढंच. मी मशीन गुंडाळलं आणि निघालो. खाली आलो तेव्हा शीळ वाजवत होतो हे मला आठवतं.

नमदा कशासाठी असतो? वस्तू सरकावी म्हणून. सरकणारी वस्तू ओरखडत नाही. हे मी स्वतः लोकांना शिकवलंय. आणि आक्कांना ती खुर्ची हवी होती कारण ती सरकत नव्हती. लाकूड दगडाला चावत होतं, म्हणून त्या उभ्या होत्या. मी खुर्चीकडे खालून बघितलं. वरून तिला कोण धरतंय, किती भार टाकतंय, ते बघितलं नाही. चाळीस वर्षं खालूनच बघत आलोय.

महिनाभराने साहेबांचा फोन. खाटेच्या चाकांखाली काहीतरी लावायला या, फरशीवर ठसे पडतायत. मी म्हटलं, कसली खाट? म्हणाले, आई पडली ना, हॉस्पिटलवाली खाट आणलीय. मी पिशवीत चाकांखाली बसवायचे रबरी वाडगे घेतले आणि गेलो. अजून डोक्यात काही आलेलं नव्हतं. म्हातारं माणूस पडतं, असं मनात म्हटलं.

खोलीत लोखंडी खाट, त्यावर आक्का. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं. निम्म्या झालेल्या. डॉक्टर म्हणत होते आता उभं राहायला पाहिजे, नाहीतर कायमच्या झोपतील. व्यायामवाली बाई दोनदा येऊन गेली. आक्का पाय खाली सोडायच्या, फरशीला तळवा लागला की परत वर घ्यायच्या.

मी खाली बसून चाकांना वाडगे लावत होतो आणि साहेब वरून बोलत होते. मला सांगत होते पण ऐकवत होते आईला. "सांगून सांगून थकलो काका. वॉकर घे, वॉकर घे. नाही. खुर्चीच पाहिजे. हट्ट. आता बघा, स्वतःचे हाल आणि आमचेही. हिने पंधरा दिवस सुट्टी काढली, आता मी काढलीय." साहेब वाईट माणूस नाही. दमलेला होता. डोळ्यांखाली काळं आलेलं. मनीषाताई दारातून म्हणाल्या, जाऊ दे ना शेखर, सारखं काय. पण ते सारखंच चाललेलं असणार, हे त्या बोलण्यावरून कळलं.

आक्का भिंतीकडे बघत होत्या.

उठताना मला गॅलरीत खुर्ची दिसली. उलटी ठेवलेली. चारही नमदे जागच्या जागी. मी स्क्रू मारलेले, ते कशाला निघतात.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं आलं. तिथल्या तिथे आलं. आणि मी काय केलं? पिशवी उचलली, येतो म्हटलं आणि लिफ्टसमोर जाऊन उभा राहिलो. लिफ्ट वर गेली, खाली गेली, मला बटण दाबायचं सुचलं नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस मी मनात भांडत होतो. बाथरूममधून ओल्या पायाने आल्या असतील. चक्कर आली असेल. वॉकर आणून दिलेला, तो का वापरला नाही? मी काय डॉक्टर आहे? मला फरशीसाठी बोलावलं, मी फरशीचं केलं. माझं काम बरोबर होतं. कोणालाही विचारा, मार्बलवर खुर्चीला नमदाच लावतात. असं माझं चाललेलं. माझ्या हातून चूक झाली हे मी आजवर कधी कबूल केलेलं नाही, लग्नाच्या बायकोजवळ पण नाही. ती याला साक्ष देईल.

शेवटी एका दुपारी मी आमच्या कल्याणच्या घरात जेवणाच्या खुर्चीला नमदे लावले. आमची फरशी साधी मोझॅकची, पण मीच घासलेली, तिच्यात पण तोंड दिसतं. खुर्चीच्या मागे उभा राहिलो, पाठ धरली, गुडघे सैल सोडले आणि आक्का टाकायच्या तसा सगळा भार टाकला. खुर्ची गेली. मी दोन्ही गुडघ्यांवर आलो आणि हनुवटी खुर्चीच्या पाठीवर आपटली. जीभ चावली गेली.

सुशीला, माझी बायको, आतून आली. म्हणाली, या वयात काय नाचताय? मी खाली बसूनच तिला सगळं सांगितलं. तोंडात रक्त होतं, नीट बोलता येत नव्हतं. तिने ऐकून घेतलं, पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "मला कशाला सांगताय? जिला सांगायचं तिला जाऊन सांगा."

रविवारी गेलो. कोणी बोलावलेलं नसताना गिऱ्हाइकाच्या घरी जायची माझी पहिली वेळ. मनीषाताईंनी दार उघडलं, त्यांना वाटलं पैसे राहिले की काय. मी म्हटलं तसं काही नाही, साहेबांना जरा आक्कांच्या खोलीत बोलवा. साहेब आले, टॉवेलला हात पुसत. मी उभाच राहिलो. खुर्ची देत होते, मी घेतली नाही.

मी सांगितलं. नमदा काय करतो ते सांगितलं. घरी करून बघितलं ते पण सांगितलं, हनुवटीवरची निळी खूण होतीच. आक्का खुर्चीमुळे पडल्या नाहीत, खुर्चीखाली मी जे लावलं त्याच्यामुळे पडल्या.

साहेबांनी काय करावं? ते माझीच समजूत काढायला लागले. अहो काका, मनाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष, वय झालंय तिचं, आज ना उद्या पडलीच असती. मनीषाताई चहा ठेवायला निघाल्या. मला मोकळं करत होते दोघं, चांगल्या मनाने. पण मला मोकळं केलं की दोष फिरून खाटेवरच जात होता. ते मला सहन होईना. माझा आवाज चढला, गिऱ्हाइकाच्या घरात चढू नये तेवढा.

"साहेब, आक्कांनी मला त्याच दिवशी सांगितलेलं. ही पळतीय म्हणून. मी ऐकलं नाही. त्यांचा हट्ट नव्हता. हट्ट माझा होता."

साहेब आईकडे वळले. "आक्का, तू मला का नाही बोललीस?"

आक्का अजून भिंतीकडेच बघत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "तुम्ही तिघं फरशीचं बोलत होता. मी मधी कुठं बोलू?"

खालून कुठल्यातरी बांधकामाचा ठोका ऐकू येत होता. साहेब खाटेच्या कडेला बसले आणि आईचा पाय चादरीवरूनच धरला. तसेच बसून राहिले. मला वाटलं आपण बाहेर जावं, पण पाय निघेना.

मग आक्काच बोलल्या. आमच्याकडे शेणाची जमीन होती, म्हणाल्या, पाय ठेवला की जमीन धरून ठेवायची. इथं पाय ठेवला की पाण्यावर ठेवल्यासारखं वाटतं. खाली माझंच तोंड दिसतं, हलतं. मला भ्या वाटतं रे शेखर.

मी काय कला केलेली, ते मला त्या दिवशी कळलं.

साहेब म्हणाले, आपण जाड गालिचा टाकू, पट्ट्यासारखा. मी नाही म्हटलं. गालिच्याची कड दुमडते, म्हाताऱ्या पायाला तीच अडकते. मार्बल आहे, यावर इलाज एकच. पलंगापासून बाथरूमपर्यंत अडीच फुटांची पट्टी मी परत घासतो. चमक काढून टाकतो. दगड खरखरीत झाला की ओल्या पायाने पण धरेल.

"परत आणता येईल का चमक? म्हणजे नंतर?" साहेबांनी विचारलं. विचारलं आणि लगेच त्यांचा चेहरा पडला, कारण नंतर म्हणजे कधी, हे त्यांच्याच लक्षात आलं.

मनीषाताई म्हणाल्या, "करा मिस्त्रीकाका. मी हो म्हणतेय."

साहेब उठून गॅलरीत गेले. मला वाटलं रागावले. ते खुर्ची घेऊन आले आणि माझ्यासमोर उलटी ठेवली.

नमदे काढायला मला अर्धा तास लागला. स्क्रूची डोकी बुडवलेली, पेचकस बसत नव्हता. शेवटी सागवान थोडं कोरावं लागलं. मग चारही पायांना रबरी बूट बसवले, जाड, तळाला खाचा असलेले. मनीषाताईंना सांगितलं, ढकला. त्यांनी एका बोटाने ढकलली, हलली नाही. दोन्ही हातांनी ढकलली तेव्हा वीतभर गेली आणि थांबली. मी स्वतः मागे उभा राहून सगळा भार टाकला. एकदा नाही, दहा वेळा. मग आक्कांना म्हटलं, आता तुम्ही सांगाल तेव्हाच काम झालं असं समजू. त्या म्हणाल्या, आधी जमीन करा.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन गेलो. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, पुढे प्लास्टिक. आयुष्यभर बारीक दगडापासून पुढे आणखी बारीक दगडाकडे गेलो. त्या दिवशी उलटा चाललो. पिशवीतून जाडा दगड काढला आणि आरशासारख्या मार्बलवर ठेवला, पण बटण दाबवेना. मास्तर, हे खरं लिहितोय, वाढवून नाही. मेलेल्या माणसाला खांदा दिलाय, तेव्हा असं झालं नव्हतं. आक्का खाटेवरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, मिस्त्री, चहा घेऊन मग करा. मी चहा घेतला आणि केलं.

पाणी, पांढरा गाळ, मशीनचा घोंगाट. चार फेऱ्यांत फरशीतलं आभाळ गेलं. गाळ पुसला तर खाली मेलेल्या रंगाचा, खडूसारखा दगड. हात फिरवला, तळवा अडत होता. मी अनवाणी चालून बघितलं, पाय ओले करून चाललो, साबणाचं पाणी टाकून चाललो. आक्कांनी प्रत्येक वेळी मान पुढे काढून बघितलं.

संध्याकाळी साहेब कामावरून आले. दारातून पट्टी बघितली. दोन्ही बाजूंना झगमगाट आणि मधून हा मळका रस्ता. बूट बाहेर काढले, मोजे काढले आणि त्या पट्टीवरून बाथरूमपर्यंत जाऊन आले. म्हणाले, ठीक आहे.

आक्का उभ्या राहायला आणखी वीसेक दिवस गेले. मला रोज कोणी कळवत नव्हतं आणि विचारायला मला तोंड नव्हतं. एका शनिवारी मनीषाताईंचा फोन आला, आज चालवून बघणार आहेत, आक्का म्हणतायत मिस्त्रीला बोलवा. मी गेलो. मला वाटलं तपासायला बोलावलं असेल. गेल्यावर कळलं, तसं काही नाही. माझं काम ठरलेलं होतं. मी बाथरूमच्या दाराशी बसायचं, खुर्ची त्या टोकाला जरा जरी सरकली तर धरायची.

व्यायामवाल्या बाईने एका बाजूने कमरेला पट्टा धरला. आक्कांनी पाय खाली सोडले. तळवा दगडाला लागला, परत वर घेतील असं वाटलं, घेतला नाही. उभ्या राहिल्या. खुर्चीची पाठ धरली. हाताच्या शिरा वर आलेल्या. ढकलली, वीतभर. भार टाकला. मी खुर्चीच्या पायांकडे बघत होतो, मग स्वतःला दटावलं आणि वर बघितलं, त्यांच्या हातांकडे. पाऊल. परत ढकलली. पाऊल.

रबर काळं. खडबडीत झालेल्या पांढऱ्या दगडावर त्याच्या रेघा उठतात. मी हे आधीच सांगितलेलं, तरी साहेबांना राहवलं नाही. आक्का चार पावलं पुढे गेल्या तसे ते ओला फडका घेऊन मागून गुडघ्यावर आले आणि रेघा पुसायला लागले. पुसताना ते आईकडेही बघत होते, डोळे भरलेले होते, पण हात चालूच. त्यांना हसावं की काय करावं मला कळेना. माझाही हात शिवशिवत होता.

आक्कांनी मागे वळून बघितलं नाही. वळता येतच नव्हतं.

"शेखर," त्या म्हणाल्या, "पुसायचं मागनं पुस. आधी ते बाथरूमचं दार उघड. मला घाई हाये."

दाराजवळ मी होतो. मी उघडलं आणि बाजूला झालो.